मला कोमट ठेवू नका

मित्रांनो, मी एक मोडकी कांडी आहे आणि मला भयंकर राग आलेला आहे.

मोडक्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की गळा काढतात, हे मला ठाऊक आहे. छत्री रडते, चप्पल उसासे टाकते, ऐकणारे ‘अरेरे’ म्हणतात आणि जेवायला निघून जातात. मला तुमचं ‘अरेरे’ नको. मला भांडायचंय, आणि भांडण नीट समजायला माझी सगळी हकिकत ऐकावी लागेल. तेव्हा बसा.

कांडी म्हणजे खडूची किंवा उदबत्तीची नव्हे. मी विजेच्या भट्टीतली कांडी. बायका अंबाड्यात आकडा खोचतात ना, तसा माझा आकार: दोन लांब पाय आणि खाली वळण. भट्टीच्या छतातून मी खाली लोंबत असे. वीज अंगातून गेली की मी आधी लाल व्हायची, मग पिवळी, मग पांढरीशुभ्र, आणि माझ्या धगीवर भट्टीत ठेवलेली वस्तू भाजून निघायची. कामावरचे लोक मला एलिमेंट किंवा रॉड म्हणत. मालकाची आई, बसव्वा आजी, मात्र कांडी म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते.

माझा जन्म सोलापूरचा नाही. दूरच्या एका कारखान्यात मॉलिब्डेनम नावाच्या धातूची पूड आणि सिलिकॉनची पूड एकत्र करून इतकी भाजली की दोघांचं मिळून तिसरंच काहीतरी झालं. त्यात थोडी चिकणमाती घातली, साच्यातून शेवई दाबून काढावी तसं माझं अंग काढलं, वाकवलं आणि पुन्हा भाजलं. मी ना धड धातू, ना धड माती. पण अशी ना धड ना धड असल्यामुळेच जे धातूला जमत नाही आणि मातीला जमत नाही ते मला जमतं.

लोखंडाला हवा खाते. त्याला तुम्ही गंज म्हणता. लोखंड तापलेलं असेल तर हवा त्याच्यावर अधाशासारखी तुटून पडते आणि त्याचे पापुद्रे काढते. मलाही हवा खायला येतेच, तिला काय, सगळे सारखे. पण मी पुरती तापलेली असले की माझ्यातलं सिलिकॉन पुढे होतं, हवेतल्या प्राणवायूला धरतं आणि माझ्या अंगभर काचेची पातळ कातडी तयार करतं. त्या कातडीच्या आत हवेचं काही चालत नाही. कुठे ओरखडा गेला तरी पुढच्या मोठ्या आचेत काच तिथे ओघळते आणि जखम भरून येते. म्हणजे बघा, ज्या आगीत बाकीचे मरतात त्या आगीत मी बरी होते. एवढी एक गोष्ट नीट डोक्यात ठेवा, कारण ज्याने ठेवायला हवी होती त्याने ठेवली नाही.

भवानी पेठेत एका माडीवर गुरुशांतची दातांची लॅब आहे. खाली यंत्रमाग दिवसभर खडखडत असतात, वर दात तयार होतात. गावातले डॉक्टर माणसांच्या तोंडाचं माप पाठवतात. मग खडूसारख्या मऊ, पांढऱ्या चकतीतून यंत्र दात कोरतं. ते दात तसेच तोंडात घातले तर वरणभातानेसुद्धा फुटतील. भट्टीत पंधराशे अंशांवर ते भाजले की आकसतात, घट्ट होतात, आणि मग सोलापूरची कडक भाकरी खुशाल चावा. ते भाजण्याचं काम आम्ही सहाजणी करायचो.

सुरुवातीचे दिवस काय सांगू! भट्टी आली तेव्हा नारळ फुटला, पेढे वाटले. खंडेनवमीला बसव्वा, म्हणजे गुरुशांतची आई, जिना चढून वर आली, भट्टीच्या दाराला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि आत डोकावून आम्हाला म्हणाली, “कांड्यांनो, माझ्या लेकाची लाज राखा गं बायांनो.” आम्ही राखली. आमच्या धगीतून निघालेला दात बोटात धरून अंकिता खिडकीशी जायची, उजेडात फिरवून बघायची आणि म्हणायची, “एक नंबर!” अंकिता मोडनिंबची. दात बनवण्याचं रीतसर शिक्षण घेऊन इथे नोकरीला लागलेली, हाताची सफाईदार आणि तोंडाची त्याहून जास्त. मला ती पहिल्या दिवसापासून आवडायची.

आता गुरुशांतबद्दल. तो वाईट माणूस असता तर किती बरं झालं असतं! वाईट माणसावर रागवायला काही डोकं लागत नाही. पण हा पडला जपणारा. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी, स्कूटरच्या सीटवर जुनी चादर, लॅबच्या खुर्च्यांवरची दुकानातली कव्हरं अजून तशीच, उन्हाळ्यात माणसं त्यांना चिकटून बसायची. कुठलीही गोष्ट पुरती वापरायची म्हटलं की त्याचा हात आखडायचा.

एकदा तो कुठूनसं ऐकून आला की दुसऱ्या गावच्या एका लॅबमध्ये भट्टी गार होताना कांडी फुटली. झालं! दुसऱ्या दिवशी आला तो फर्मान घेऊनच.

“अंकिता, आजपासून भट्टी गार करायची नाही. गार-गरम, गार-गरम केलं की रॉड फुटतात. काम नसेल तेव्हा पाचशेवर ठेवायची. निवांत राहील.”

“पण सर, दिवसभर?”

“दिवसभर. आमच्या गावाकडं माझ्या अव्वानं, आईनं, चुलीतला विस्तव कधी विझू दिला नाही. राखेखाली झाकून ठेवायची. सकाळी फुंकलं की पेटला. घरातला विस्तव जपायचा असतो.”

तुम्हाला पाचशे अंश म्हणजे केवढी आग वाटेल. बोट लावाल तर बोट राहणार नाही. पण मित्रांनो, पाचशे अंश म्हणजे माझ्यासाठी कोमट! पूर्ण गार असले तर हवा मला काही करू शकत नाही. पुरती पेटलेली असले तर काच मला सांभाळते. आणि मधल्या त्या कोमट धगीत? तिथे काच काही वाहत नाही, कातडी धड धरत नाही, आणि हवा मात्र जागी असते. ती बारीक भेगांतून आत शिरते आणि थेट माझ्यातल्या मॉलिब्डेनमला भिडते. आत पिवळट पूड तयार होते. ती पूड फुगते आणि माझं अंग आतल्या आत फोडत जाते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय निवांत बसलीय!

निवांत म्हणे! माझा नुसता तिळपापड व्हायचा. काम करताना मला कधी दुखलं नाही, ते या आरामात दुखायला लागलं. शेजारची माझी बहीण अशीच एका कोमट दुपारी पिठासारखा भुगा होऊन खाली पडली. कामावर नव्हती, धगीत नव्हती, आराम करत होती बिचारी! गुरुशांत हळहळला, कंपनीला शिव्या दिल्या, तिच्या जागी नवी कांडी बसवली आणि म्हणाला, “बघितलंस? फार नाजूक असतात. आता आणखी जपायला पाहिजे.” तेव्हापासून मोठ्या आचेची वेळही त्याने कमी केली. अहो, बुडणाऱ्याला पाणी पाजण्यातला प्रकार हा! मला तोंड असतं तर त्याच दिवशी त्याची अशी खरडपट्टी काढली असती की खालचे माग थांबले असते.

अशा वेळी बिरप्पा आला.

बिरप्पा मंद्रूपकडचा मेंढपाळ. एका माजलेल्या एडक्याने त्याच्या तोंडावर धडक दिली आणि त्याचे वरचे समोरचे चार दात गेले. डॉक्टरांनी माप घेतलं आणि दात बनवायला आमच्याकडे दिले. माणूस सहसा डॉक्टरकडेच थांबतो, पण बिरप्पा पत्ता विचारत थेट माडीवर आला. तोंडावर उपरण्याचा शेव धरून उभा राहिला.

“मालक, दात दिसाय कसं बी असूंद्यात. मला शीळ पायजे.”

गुरुशांतला कळेना. “शीळ?”

“व्हय. माजी मेंढरं शीळंवर वळत्यात. हाकंला न्हाय वळत. बारकं कोकरू असल्यापास्नं त्यास्नी माजी शीळ ठावं हाय. दात गेलं, शीळ गेली.” त्याने शेव बाजूला करून जीभ टाळूला लावून दाखवली. नुसतं फुस्स झालं. “परवा मेंढरं हायवेवर चढली. म्या बांधावर हुबा, वराडतुया, पर शीळ कुटली? ट्रक आला. दोन मेंढ्या गेल्या, दोनी गाभण.”

अंकिताचा हात कामावर होता तो थांबला. बिरप्पा सांगत राहिला, “दिवाळी झाली की आमी कळप घिऊन लांब निगतो चराईला. मोठ्या रस्त्यानंच जायाचं. पाऊस पडूस्तवर माघारी न्हाय. त्येच्या आदी दात द्या मालक. न्हायतर किती मेंढरं रस्त्यावर सोडून येऊ?”

“होईल, होईल,” गुरुशांत म्हणाला, “या आठवड्यात बघू.”

त्याचे दात यंत्राने कोरले, अंकिताने घासून साफ केले आणि आमच्या भट्टीत ठेवले. आणि मित्रांनो, आम्ही त्याची माती केली. मोठी आच लागताच माझ्या अंगावरची ती पिवळट पूड झडली आणि त्या पांढऱ्या दातांवर पडली. दात बाहेर निघाले ते डाग घेऊन. जन्मभर तंबाखू खाल्लेल्या माणसाचे असावेत तसे! डॉक्टरांनी परत पाठवले. दुसऱ्यांदा कोरले. या वेळी डाग कमी होते, पण आमच्या अंगातच दम नव्हता. आच पुरी झालीच नाही. दात मधोमध कच्चे राहिले आणि डॉक्टरांच्या चिमट्यातच तुटले.

गुरुशांतने काय करावं? चकतीवाल्याला फोन करून भांडला. मग रंगाच्या बाटल्या बदलल्या. मग पाण्यात दोष काढला, म्हणाला सोलापूरचं पाणीच जड. मग विजेचा दाब तपासायला माणूस बोलावला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आणि हे सगळं चालू असताना आम्ही कुठे? पाचशेवर. निवांत.

बिरप्पा दर आठवडी बाजाराच्या दिवशी यायचा. जिन्यात त्याच्या जाड वहाणांचा आवाज आला की अंकिता मान खाली घालायची. गुरुशांत मात्र हसतमुखाने खुर्ची पुढे करायचा, चहा मागवायचा आणि म्हणायचा, “बघू, पुढच्या आठवड्यात होईल.” दात होत नाहीत असं म्हणेना, की या दिवशी नक्की देतो असंही म्हणेना. बिरप्पा चहा बशीत ओतून प्यायचा, ओठांच्या फटीतून तो सांडायचा, शेवाने पुसायचा आणि जायचा. मी भट्टीच्या दारातल्या काचेतून बघत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मला तळपाय नाही, नुसतं वळण आहे, तरी गेली!

दिवाळी तोंडावर आली. एक दिवस वीज गेली, भट्टी बऱ्याच दिवसांनी पार गार झाली, आणि अंकिताने दार उघडून मोबाईलचा उजेड आत मारला. आम्हा एकेकीला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग हलक्या हाताने माझ्या पायाला बोट लावलं. बोटाला पिवळट पीठ लागलं.

“सर, इकडं या.”

“काय झालं? फुटली?”

“फुटली नाही. बघा. खाली वळणाशी, जिथं सगळ्यात जास्त तापते, तिथं कशी चकचकीत आहे. आणि वर, छताच्या तोंडाशी, जिथं धग पोचत नाही, तिथं पीठ. उलटं आहे ना, सर? जास्त आगीनं खराब होत असती तर खालून झाली असती.”

गुरुशांतने बघितलं. बघितलं, पण त्याला ते दिसलं नाही. “म्हणून काय आणखी तापवू? आधीच मरायला टेकलीय ती. आजारी माणसाला कुणी पळायला लावतं का?”

“मी परवाच भट्टीच्या कंपनीच्या माणसाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, पाचशेवर ठेवणं म्हणजे तिचा जीव घेणं. रिकामी भट्टी पुऱ्या आचेवर चालवा, तासन्‌तास, म्हणजे काच परत धरेल. आणि काम झालं की सरळ बंद करा.”

“कंपनीवाल्यांना काय, रॉड खपवायचे असतात! तू त्यांचं ऐकू नकोस. दिवाळीनंतर बघू.”

आणि मग अंकिताचा बांध फुटला. मित्रांनो, मी पंधराशे अंश बघितलेत, पण त्या दिवशीची अंकिता काही वेगळीच होती. “दिवाळीनंतर? दिवाळीनंतर बिरप्पामामा इथं असणार आहेत का? तोंडात फट घेऊन ते कळप हायवेनं नेणार, आणि आपण इथं खुर्चीची कव्हरं पुसत बसणार! तुम्ही नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही. त्यांना चहा पाजता नुसता. सर, तुम्ही सगळ्यांनाच पाचशेवर ठेवता! मला पण! गेलं वर्षभर मी विचारतेय, मोठी कामं माझी मला करू द्या. तुमचं आपलं, बघू!”

खाली माग चालत नव्हते, वीज नव्हती, त्यामुळे तिचा शब्द न् शब्द अख्ख्या जिन्यात घुमला. आणि जिन्यातच बसव्वा उभी होती, हातात लेकाचा जेवणाचा डबा घेऊन. दम खात वर आली.

“काय रं गुरू, पोरगी का वराडायली?”

गुरुशांतला आधारच सापडला. “अव्वा, बरं झालं आलीस. तूच सांग हिला. घरातला विस्तव तू कधी विझू दिलास का?”

“न्हाई दिला.”

“ऐकलंस?” तो अंकिताकडे वळला. “एक दिवस नाही. राखेखाली झाकून ठेवायची. का ते पण सांग, अव्वा.”

बसव्वाने डबा टेबलावर ठेवला. लेकाकडे नीट बघितलं. “का म्हंजे? काड्यापेटी कुटं होती रं घरात? बाजारच्या दिवशी आली तर आली. शेजारणीकडं विस्तव मागाय गेलं की ती तोंड वाकडं करायची. म्हून झाकून ठेवायची मी. धुरानं डोळं गेलं माझं त्या राखंपायी. तुझ्या बापानं गॅस आणला त्या दिशी ती राख उकिरड्यावर नेऊन टाकली, वळून बघितलं न्हाई.” मग भट्टीच्या दाराकडे बोट करून म्हणाली, “अय्यो यप्पा, तुला तर बटण हाय की!”

गुरुशांत त्या प्लास्टिकच्या कव्हरवर बसला, ते करकरलं. त्याने पिढ्यान्‌पिढ्यांचा धर्म समजून जे जपलं होतं, ती त्याच्या आईची निव्वळ अडचण होती. त्याचा चेहरा बघून मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. माझी बहीण आठवली.

बऱ्याच वेळाने वीज आली. खाली माग सुरू झाले. गुरुशांत उठला, भट्टीपाशी आला आणि म्हणाला, “लाव. पुरी लाव.” आणि अंकिता पुढे यायच्या आत त्याने स्वतःच बटण दाबलं.

अहाहा! किती दिवसांनी! पाचशे आलं, मी दात आवळले, पण या वेळी ते थांबलं नाही, गेलं. हजार. बाराशे. भट्टी रिकामी होती, दात नव्हते, कुणाची जबाबदारी नव्हती, फक्त आम्ही सहाजणी आणि आग. पंधराशेच्याही वर गेलो तेव्हा माझी काच जागी झाली. वरच्या पायांवरून, भेगांमधून, त्या पिठाच्या जखमांवरून ती पसरत गेली. जी काही पूड उरली होती तिचा धूर होऊन गेला. हवा बाहेर डोकं आपटत राहिली. मी इतकी लखलखत होते की दाराच्या फटीतून समोरच्या भिंतीवर उजेडाची रेघ पडली होती.

पण खोटं सांगत नाही. काच जखम झाकते, खाल्लेलं अंग परत देत नाही. माझा एक पाय वरच्या बाजूला काडीएवढा बारीक झाला होता. त्याने किती दिवस काढायचे हे मला कळत होतं. रागाने म्हणा, हट्टाने म्हणा, मी ठरवलं की मोडायचं तर मोडायचं, पण बिरप्पाचे दात भाजून झाल्यावर.

अंकिताने तिसऱ्यांदा दात कोरले. या वेळी एकटीने, आणि गुरुशांत मध्ये बोलला नाही. भट्टी पार गार करून, पुसून, दात आत ठेवले. आणि इथे एक गोष्ट सांगायला हवी: आम्ही सहाजणींमधून वीज एकापाठोपाठ एक जाते. एकीचा पाय मोडला की सहाही जणी त्याच क्षणी विझतात. म्हणजे मी मध्येच मोडले असते, तर दात पुन्हा कच्चे, आणि चौथा फेरा करायला दिवसच उरले नव्हते. बिरप्पाचा कळप परवा निघणार होता.

पंधराशे अंश गाठले. आता तिथे टिकून राहायचं होतं. माझा तो बारीक पाय बाकीच्या अंगाहून जास्त पांढरा झाला, कारण अरुंद वाटेत वीज दाटते आणि तिथेच जास्त तापतं. अंकिताने दारातल्या काचेतून ते बघितलं असावं. तिने गुरुशांतला बोलावलं.

“सर, ही एक जास्तच उजळतेय.”

गुरुशांतचा हात बटणाकडे गेला. सवय हो, दुसरं काय! “जरा कमी करू का? चौदाशे?”

अंकिता त्याच्या हाताकडे बघत राहिली. खाली माग खडखडत होते. गुरुशांतने हात मागे घेतला आणि दोन्ही हात काखेत दाबून धरले, आपलेच हात चोरी करतील अशी भीती वाटावी तसे. “नको,” तो म्हणाला, “राहू दे. पुरी होऊ दे.”

त्या एका ‘नको’बद्दल मी त्याला निम्मं माफ केलं. निम्मंच.

मी टिकले. दात आकसले, घट्ट झाले, त्यांच्यात दगडाचं बळ आलं. वेळ पुरी झाली, वीज बंद झाली, आणि भट्टी हळूहळू उतरू लागली. पांढरीची पिवळी, पिवळीची लाल, लालची राखाडी. आणि अगदी शेवटी, हात लावण्याइतकं गार व्हायला आलं तेव्हा, माझ्या त्या पायात ‘तड’ असा आवाज झाला.

अंकिताने दार उघडलं. आधी दात उचलले. खिडकीशी नेले, उजेडात फिरवले. एक डाग नाही, एक भेग नाही. मग तिचं लक्ष भट्टीच्या तळाशी गेलं. मी दोन तुकड्यांत पडले होते.

डॉक्टरांनी दात बसवले आणि बिरप्पा तिथून सरळ माडीवर आला. तोंडावर शेव नव्हता. बसव्वाही आली होती, बघायला. बिरप्पाने जीभ लावली, फुंकलं. फुस्स. पुन्हा फुंकलं. फुस्स. त्याचे डोळे बारीक झाले. “न्हाय येत,” तो म्हणाला आणि खाली बसला.

गुरुशांतच्या ओठावर आलंच होतं, “होईल हळूहळू, बघू...” ते त्याने गिळलं. उठला, धडधडत जिना उतरून खाली गेला आणि शीळ नीट ऐकू यावी म्हणून मागवाल्यांना माग थांबवायला लावले. वरचा हा माणूस कधी आवाज न चढवणारा, तो असा ओरडत आला म्हणताना त्यांनी गुमान थांबवले. वर येऊन तो बिरप्पासमोर बसला. “मामा, शीळ वाजल्याशिवाय आज इथून उठायचं नाही. तुम्ही पण नाही, मी पण नाही.”

बिरप्पाने जीभ दातांना लावून लावून जागा शोधली. फुस्स, फुस्स, मग बारीक चिर्रर्र, आणि मग एकदम अशी तीरासारखी शीळ निघाली की बसव्वाने कानांवर हात ठेवले. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. अंकिता टाळ्या पिटत होती. बिरप्पा मात्र हसला नाही. “ही जरा पातळ हाय,” तो म्हणाला, “मेंढरं वळखत्यात का बघाय पायजे.”

कळप निघाला त्या दिवशी अंकिताने सकाळपासून फोन हातातून खाली ठेवला नाही. तिने कामही बिघडवलं आणि गुरुशांत तिला रागवलाही नाही. शेवटी फोन वाजला. तिने स्पीकर लावला. मागे घुंगरं, मेंढरांचं बें-बें, गाड्यांचे हॉर्न.

“ताई, हायवेवर चढली हुती बगा! म्या शीळ घातली. समद्यांनी माना वर केल्या आन् माज्याकडं बगाय लागली, ह्यो कोण म्हून! म्या पुन्यांदा घातली.” तो थांबला. फोनमध्ये गाडी भुर्रकन गेल्याचा आवाज आला. “वळली की ताई! समदी वळली!”

अंकिता रडायला लागली. गुरुशांत चष्मा पुसत बसला.

मग त्याने काय केलं माहीत आहे? अंकिताने फडताळात ठेवलेले माझे दोन तुकडे काढले. बायकोच्या कानातल्यांची एक रिकामी डबी आणली, आत मऊ कापूस घातला आणि मला त्यात अलगद ठेवलं. “लई केलंस गं आमच्यासाठी,” म्हणाला, आणि डबी देवाच्या फोटोशेजारी ठेवली. तिला धूळ लागू नये म्हणून वरून प्लास्टिकची पिशवीही बांधली!

कापूस! आता कापूस! जिवंत होते तेव्हा आच चोरली आणि मेल्यावर कापसात निजवतोय! मित्रांनो, मघाशी मी म्हटलं ना, निम्मं माफ केलं? ते मी परत घेणार होते. पण तेवढ्यात त्याने नवी कांडी लावलेली भट्टी पुरत्या आचेवर सुरू केली, काम झाल्यावर बंद केली आणि स्वतः मुख्य बटण खाली पाडलं. त्याला ते जड गेलं, मला दिसत होतं. पण पाडलं. म्हणून राहू दे, निम्मं माफ.

तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे, आणि ते मी हात जोडून नाही, डोळे वटारून सांगते. तुमच्या घरात जे कामाचं आहे, मग ती वस्तू असो की माणूस, त्याला तुमच्या भीतीच्या राखेखाली झाकून त्या झाकण्याला जपणूक म्हणू नका. त्याला काय सोसतं आणि काय सोसत नाही, ते आधी त्याच्याकडे बघून समजून घ्या. पेटवायचं असेल तर पुरतं पेटवा. नसेल पेटवायचं तर सरळ विझवा, आणि तसं तोंडावर सांगा.

आणि कुणीतरी ही पिशवी सोडा आधी.